गाणे कुणाच्या नावावर?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘कवयित्री’ या शब्दाला एक प्रतिष्ठा आहे. ‘ओव्या म्हणणारी बाई’ या शब्दांना ती नाही. कवयित्री रचते, बाई म्हणते, असा भेद आपण मनोमन गृहीत धरला आहे. प्रस्थापित वाङ्मयविचाराने तो गृहीत धरला यात नवल नाही. त्याचा तो स्वभावच आहे. परंतु ज्या चळवळीने ‘शब्द कुणाचा आणि कुणासाठी’ हा प्रश्न साऱ्या मराठी साहित्याला विचारला, तिनेही आपल्या घरातल्या बायांच्या बाबतीत हाच भेद चालू ठेवला, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. या लेखाचा हेतू एवढाच आहे. निमित्त आहे आमच्या गावातल्या एका छोट्या गाण्याच्या कार्यक्रमाचे.

गेल्या 7 फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, आमच्या तालुक्याच्या गावी विहाराच्या अंगणात हा कार्यक्रम झाला. मी जिथे शिकवते त्या महाविद्यालयातल्या काही मुली आणि वस्तीतले महिला मंडळ यांनी मिळून तो केला. दरवर्षी रमाईच्या जयंतीला गायन पार्टी बोलावतात. या वर्षी मुलींनी सुचवले की, पार्टी नको, आपल्याच बायांना गायला लावू. अट एकच ठेवली. गाणे स्वतः जुळवलेले पाहिजे. दुसऱ्याने लिहिलेले कितीही चांगले असले तरी त्या दिवशी म्हणायचे नाही.

अट सोपी वाटली, पण तीच अवघड ठरली. पत्रक छापायचे म्हणून मुली घरोघर नावे विचारायला गेल्या. ‘गीत’ आणि ‘गायिका’ असे दोन रकाने त्यांनी वहीत आखले होते. बायांनी ‘गायिका’ या रकान्यात नाव दिले, काहींनी तेही नवऱ्याच्या नावासकट दिले. पण ‘गीत’ या रकान्यापाशी सगळ्या अडल्या. कुणी वामनदादांचे नाव सांगितले. कुणी म्हणाली, ‘लिहा, महिला मंडळ.’ वस्तीतल्या सर्वांत थोरल्या मावशी, ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, मुलींवर हसल्या. म्हणाल्या, ‘गाणं का कुणाच्या नावावर असतंय, माय? रान हाय का ते, सातबाऱ्यावर चढवायला?’

मुलींना हे उत्तर फार आवडले. मलाही प्रथम आवडले. लोकगीत सगळ्यांचे असते, त्याला मालक नसतो, असे आपण वर्गात शिकवतो आणि मावशींनी तेच एका वाक्यात सांगितले, असे वाटले. पण रात्री विचार करताना जाणवले की, ज्यांच्या नावावर रान कधी नव्हतेच त्यांच्या तोंडचे हे वाक्य आहे. नाव नसणे हा येथे उदारपणा नाही, ती सवय आहे. आणि सवय कशी लागली हे शोधणे, हे आपले काम आहे.

2

प्रथम ओवी म्हणजे काय, ती कशी घडते, हे नीट समजून घेऊ. कारण ‘बाया काय, ऐकलेले म्हणतात’ हा समज ओवीच्या घडणीविषयीच्या अज्ञानातून आला आहे.

ग्रंथातली ओवी वेगळी आणि जात्यावरची वेगळी. जात्यावरची ओवी कागदावर उतरवली तर दोन ओळींची दिसते. शेवटी यमक जुळते. परंतु गाताना त्या दोन ओळी दोन राहत नाहीत. बाई ओळ अर्ध्यावर तोडते, तोडलेला तुकडा पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते तुला’ असे शब्द घालते आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास सांभाळते. दळण दोघींचे असले तर समोरासमोर बसून एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. खुंट्यावर दोघींचे हात असतात आणि एक हात मधूनच सुटून वैरण घालतो. जाते जड असेल, टाकी लावायची राहिली असेल, तर चाल संथ होते. दाणा हलका असेल तर ती पळते. म्हणजे ओवीची लय कुण्या छंदःशास्त्रातून आलेली नाही, ती बाईच्या खांद्यातून आणि दगडाच्या वजनातून आलेली आहे.

आता रचनेकडे पाहू. ओवीचा पहिला भाग बहुधा सर्वांच्या ओळखीचा असतो. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला अशी मोजणी असते. भावाला हाक असते, शेजारणीला विचारणे असते. हे साचे गावोगाव फिरतात, आईकडून लेकीकडे, माहेराहून सासरी जातात. परंतु दुसरा भाग, जिथे ओवी वळते आणि बोचते, तो त्या बाईचा असतो. तिच्या घरात काल काय घडले, तिचा भाऊ का आला नाही, सावकाराने काय उचलून नेले, हे त्या अर्ध्यात येते. जात्याला दोन तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरती. ओवीचेही तसेच आहे. खालची तळी समाजाची, वरची बाईची. दोन्ही असल्याशिवाय पीठ पडत नाही. खालच्या तळीकडे बोट दाखवून ‘हे सगळ्यांचे आहे’ म्हणणारे विद्वान वरची तळी कोण फिरवत होते हे सांगत नाहीत.

ज्याला आपण व्यक्तिगत कवी म्हणतो तोसुद्धा छंद, प्रतिमा, संकेत समाजाकडूनच घेतो. त्याला आपण परंपरेचा वारस म्हणतो. बाई तेच करते तेव्हा तिला परंपरेची वाहक म्हणतो. वारसाला नाव असते, वाहकाला नसते. भाषेतला हा पक्षपात किरकोळ नाही.

ओव्यांचे संग्रह मराठीत पूर्वीपासून झाले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या विषयवार मांडल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनात आयुष्य वेचले. हे ऋण मान्यच आहे. पण अशा संग्रहांतून ओवीखाली तिच्या बाईचे नाव सहसा सापडत नाही. हे चित्र बदलणारे मोठे काम पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हाती घेतले. एकोणीसशे ऐंशीच्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाया तीन हजारांहून अधिक, गावे हजाराहून अधिक. प्रत्येक ओवीपुढे बाईचे नाव, गाव, तिची जात अशी नोंद ठेवली. हा सारा साठा पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात, ‘पारी’त, 2017 पासून प्रसिद्ध होत आला. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या शेजारणींच्या त्या आवाजांखाली आज त्यांची नावे आहेत. नाव लिहिता येते, लिहिल्याने ओवीचे सामूहिकपण मरत नाही, याचा हा पुरावा आहे.

3

आपल्या बायांच्या ओवीत 1956 नंतर काय घडले हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे थोडक्यात सांगते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. घरातले देव ओढ्यात, विहिरीत गेले. परंतु पहाटे जात्यावर बसलेल्या बाईची पहिली ओवी तर देवाच्या नावाची होती. आता ती कुणाला म्हणायची? कुठल्याही समितीने याचा ठराव केला नव्हता, कुणी पुस्तिका छापून वाटली नव्हती. बायांनी स्वतः निर्णय घेतला. पहिली ओवी बुद्धाला, दुसरी भीमाला, पुढची रमाईला, अशी मोजणी त्यांनी बदलली. पंढरीच्या वाटेच्या जागी नागपूरची वाट आली. ओवीत पुस्तक आले, लेखणी आली, चष्मा आणि कोट आला, निळा झेंडा आला. धर्मांतर हे सभेत एका दिवशी झाले, पण भाषेत ते पुढची अनेक वर्षे रोज पहाटे होत राहिले आणि ते बायांनी केले.

यावर आपल्यातलेच शिकलेले लोक एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, ही व्यक्तिपूजा आहे, विठ्ठल काढून बाबासाहेब बसवले, मन तेच राहिले. हा आक्षेप वरवरचा आहे. ओवी नीट ऐकली तर कळते की, बाई बाबासाहेबांना बहुतेक वेळा देव म्हणत नाही, ती त्यांना भाऊ म्हणते, बाप म्हणते. जात्यावरच्या ओवीत भाऊ ही फार मोठी जागा आहे. भाऊ म्हणजे सासरी गांजलेल्या बाईची एकमेव दाद. देवाने नाही ऐकले तर काही करता येत नाही, पण भावावर हक्क सांगता येतो, त्याच्याशी भांडता येते, तो गेला तर रडता येते. 6 डिसेंबरच्या ओव्यांतला शोक हा भक्ताचा नाही, बहिणीचा आहे. ज्या माणसाने संविधान लिहिले त्याला ‘माझा भाऊ’ म्हणणे यात पूजा कमी आणि नातेसंबंधाचा दावा अधिक आहे. गावकुसाबाहेरच्या बाईने राष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेले हे नाते आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणण्याआधी जरा थांबावे.

4

इतक्या समर्थ रचना करणारी बाई चळवळीच्या मंचावर मात्र कवी म्हणून का आली नाही? याचे उत्तर केवळ ‘पुरुषप्रधानता’ या एका शब्दात देऊन भागणार नाही. त्यामागे एक वेदनेचा इतिहास आहे.

तो तमाशापासून सुरू होतो. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. ती महार समाजातली. तिच्या जोडीचे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण. बापूराव लिहीत, पवळा गाई. बापूरावांच्या लावणीत शेवटी बापूरावांचे नाव येते. शाहीर म्हणून इतिहासात जागा त्यांना मिळाली. पवळेच्या वाट्याला सौंदर्याच्या दंतकथा आल्या. तिने गाताना कुठला शब्द बदलला, कुठे सवाल हजरजबाबीपणे उलटवला, याची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचेही तेच. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली, 2002 साली त्या गेल्या तेव्हा हलाखी संपलेली नव्हती.

बाबासाहेबांना आपल्या बायांचे हे शोषण दिसत होते. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी त्यांनी नाकारली, कारण ती महार बायांच्या नाचण्यातून आलेली होती, ही हकिकत चळवळीत सांगितली जाते. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेत त्यांनी देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांना ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. या भूमिकेमागे माणूसपणाची तळमळ होती, तीत शंका घ्यायला जागा नाही.

याच काळात आंबेडकरी जलसा उभा राहिला. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन, तमाशातले गण आणि गवळण टाकून किंवा उलटवून, भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातून हे जलसे गावोगाव नेले. भाषणांनी झाले नसते ते काम या जलशांनी केले. परंतु जलशात बाईचे काम पुरुषच करीत. आपली बाई बोर्डावर नाचणार नाही हा स्वाभिमानाचा निर्णय होता. त्याचा दुसरा परिणाम मात्र असा झाला की, बाई बोर्डावर बोलणारही नाही असे आपोआप ठरून गेले. नाच थांबवताना आवाजही थांबला. शोषणापासून वाचवण्यासाठी आपण बाईला घरात आणले आणि मग तिचे गाणे घरातच राहिले. जात्यावर, पाळण्यापाशी, हळदीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत पाठीमागे.

बाई चळवळीत नव्हती म्हणून असे झाले, असेही नाही. महाडला ती होती. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या 1989 च्या ग्रंथात अशा कार्यकर्त्या बायांच्या मुलाखती घेऊन त्यांचे कार्य पुढे आणले. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांची आत्मकथने 1986 साली ग्रंथरूपाने आली. हिरा बनसोडे, ज्योती लांजेवार यांनी कविता लिहिली. लिहिणारी बाई अशी उशिरा का होईना उजेडात आली. पण लिहिता न येणारी आणि तरी रचणारी बाई अजून अंधारातच आहे.

आणि हा अंधार नवा नाही. चौदाव्या शतकातली सोयराबाई आपल्या अभंगात आपली ओळख चोखोबाची महारी अशी देते. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. मुद्रेत नाव आले, पण पुरुषाच्या आधाराने आले. तरीही हे विसरू नये की, त्या दोघींनी मुद्रा घातली, म्हणून आज सातशे वर्षांनी त्यांचे अभंग त्यांचे म्हणून ओळखता येतात. मुद्रा हा अहंकार नाही. ती साक्ष आहे.

5

आता पुन्हा आमच्या विहाराच्या अंगणाकडे येऊ.

चौदा बाया गायल्या. मंच नव्हता. सतरंजी, एक माइक आणि गायन पार्टीतल्या एका मुलाची ढोलकी. पहिल्यांदा थोरल्या मावशींनी ओव्या म्हटल्या. माइक पुढे धरला तेव्हा त्यांना सुरुवातच सापडेना. हात रिकामे होते. शेवटी एका मुलीने घरून जाते उचलून आणले, मावशींनी खुंट्यावर हात ठेवला आणि मग ओव्यांमागून ओव्या आल्या. गाणे डोक्यात साठवलेले नसते, ते हाताच्या कामात असते, हे मी पुस्तकात वाचले होते. तेथे ते पाहिले. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली. जात्याचे गोडवे गाऊन तिला पुन्हा जात्याला जुंपावे असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण गिरणीने दळण नेले तसे गाण्याचे ठिकाणही नेले आणि त्याच्या जागी दुसरे ठिकाण आपण दिले नाही, हे खरे आहे.

मधल्या वयाच्या बायांची गाणी वेगळ्या घडणीची होती. त्यांच्या कानावर कॅसेटची भीमगीते पडलेली. चाल सिनेमाच्या गाण्याची किंवा ऐकीव कव्वालीची, शब्द स्वतःचे. चाल उसनी घेणे हा आपल्या गायनाचा जुना रिवाज आहे. लोकांच्या ओठावरची चाल घेतली की नवा विचार लवकर पोचतो, हे जलसाकारांनीही ओळखले होते. त्यामुळे ‘चाल चोरलेली आहे’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

त्यातली एक बाई ऊसतोडीला जाणारी. दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिमेकडच्या कारखान्याला जातात. एक दिवस काम पडले तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. तिचे गाणे या खाड्याचे होते. पाळीच्या दिवसांचा खाडा, बाळंतपणाचा खाडा आणि शेवटी खाडा नको म्हणून काढून टाकलेली पिशवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न 2019 साली वृत्तपत्रांतून गाजला, शासनाने चौकशी समितीही नेमली. ते सारे मी वाचले होते. पण कोयता, उचल, खाडा, पिशवी हे शब्द एकामागून एक त्या चालीत येत गेले तेव्हा अंगणात कुणी हलले नाही. ढोलकीवाल्या मुलाचा हात आपोआप हळू झाला.

गाणे संपल्यावर एका जुन्या गायकाने, जे आमच्या भागात आदरणीय आहेत, आक्षेप घेतला. ते म्हणाले, ‘ताई, गाणं चांगलं आहे. पण रमाईची जयंती आहे. यात बाबासाहेबांचं नाव नाही, रमाईचं नाव नाही. हे भीमगीत कसं म्हणायचं?’

ती बाई जरा गोंधळली. मग म्हणाली, ‘दादा, बाबासाहेब नसते तर हे मला माइकवर म्हणता आलं असतं का? अन् रमाईनं शेणी थापल्या, मी ऊस तोडते. नाव कशाला पायजे?’

वाद वाढला नाही. गायकांनी मान हलवली. परंतु हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. आंबेडकरी गीत म्हणजे ज्यात बाबासाहेबांचे नाव आहे ते, की ज्यात बाबासाहेबांनी दिलेली दृष्टी आहे ते? पहिली व्याख्या धरली तर आपले गाणे जयंतीपुरते उरेल. दुसरी धरली तर खाड्याचे गाणे हे भीमगीतच आहे. वामनदादांचे मोठेपण तरी कशात होते? बाबासाहेबांचे नाव घेऊन ते थांबले नाहीत, भुकेचा हिशेब मागत राहिले. आजच्या काळात शीतल साठे यांच्यासारखी गायिका स्वतः लिहिते आणि स्वतः गाते. जात, बाईपण आणि श्रम यांना एकाच गाण्यात आणते. 2013 साली त्यासाठी तिने गरोदरपणात तुरुंगही पाहिला. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात कुठल्याही कंपनीच्या आधाराविना मोबाइलमधून घरोघर पोचल्या. बाईचा आवाज आता अडवता येत नाही. मात्र पोचणे आणि नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

6

मोबाइलच्या काळात हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. पूर्वी बाईचे गाणे वस्तीतच राहत असे. नाव नसले तरी वस्तीला ठाऊक असे की हे अमकीचे. आता कुणीही ध्वनिमुद्रण करतो, दुसऱ्याच्या नावावर पसरवतो आणि गाणे परत येते तेव्हा त्याच बाईला सांगितले जाते की, हे तर अमुक पार्टीचे गाणे आहे. आमच्या कार्यक्रमातल्या एका बाईच्या पाळण्याबाबत असेच झाले आहे. तिने सोळा वर्षांपूर्वी जुळवलेला पाळणा तिला स्वतःला लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर ऐकावा लागला, गीतकार म्हणून भलत्याचेच नाव ऐकावे लागले. तिने तक्रार केली नाही. कुणाकडे करणार?

कायदा काय सांगतो हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने नवी रचना ही रचणाऱ्याची असते, हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. 1994 च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही त्याच्या गायनावर वेगळा हक्क दिला. पण हक्क सिद्ध करायला पुरावा लागतो. तारखेसह लिहिलेली वही, नावासह केलेले ध्वनिमुद्रण हा पुरावा आहे. जुन्या, कर्ता माहीत नसलेल्या ओवीवर कुणा एकीचा हक्क सांगता येणार नाही आणि सांगूही नये. पण काल रचलेले गाणे केवळ बाईचे आहे, निरक्षर बाईचे आहे, म्हणून ‘पारंपरिक’ ठरवणे हा अन्याय आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवते. त्या खर्चाच्या नाहीत.

प्रत्येक विहारात एक वही असावी. तीत बाईचे पूर्ण नाव, गाव, माहेर, गाणे कधी व कशावरून सुचले, चाल कुठली, हे लिहावे. गाणे तिच्या बोलीत जसेच्या तसे उतरवावे, शुद्धलेखन सुधारू नये. तिचा ‘मव्हं’ आपण ‘माझे’ केला की मात्रा बिघडते आणि बाईही बदलते. साचा जुना आणि भर तिची असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारावे आणि केल्यावर तिला ऐकवावे. जयंतीच्या पत्रकावर ‘महिला मंडळ’ असे मोघम न छापता प्रत्येकीचे नाव छापावे. गायन पार्टीला आपण बिदागी देतो, तशी बाईलाही द्यावी. साडी-चोळीवर तिची बोळवण करू नये. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी, ज्यांत मीही आले, लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘ओवीची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न विचारण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांना आपल्याच आजीची एक ओवी, तिच्या नावासह, लिहून आणायला सांगावे.

हे शेवटचे मी दुसऱ्यांना सांगते आहे, पण माझा स्वतःचा जमाखर्च कोरा आहे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. एम.ए.ला असताना वाङ्मयप्रकारांवर मी वहीच्या वह्या लिहिल्या. शाहिरांची गीते पाठ केली. आजी त्याच खोलीत जात्यावर डाळ भरडत असे आणि तोंडाने काही म्हणत असे. तिचा आवाज अभ्यासात येतो म्हणून मी दार लोटून घेई. आज जाते घरात आहे. आजी नाही. तिच्या एका ओवीचा पहिला अर्धा मला येतो, जो सगळ्यांनाच येतो. दुसरा अर्धा, जो तिचा होता, तो गेला. अशी किती घरे असतील याची मोजदाद कुठल्याही संग्रहात सापडणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर वही घेऊन मुली पुन्हा थोरल्या मावशींकडे बसल्या. सातबाऱ्याचे बोलणे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, ‘मावशी, आता तरी नाव लिहू का?’ मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अर्ध्या मपल्या मायच्या हायेत. तिचं बी लिव्ह.’ आणि त्यांनी आपल्या आईचे नाव सांगितले. ते नाव वस्तीत कुणालाच माहीत नव्हते. मतदारयादीत, दाखल्यावर, कुठेही ते राहिलेले नव्हते. आता ते आमच्या विहारातल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.